फाटलेला खिसा आणि कलम १३२

सांगली जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा आशय असा:

“आजोबा वारल्यानंतर वारसनोंदीसाठी वडिलांनी तलाठी कार्यालयात अर्ज दिला, त्याला सात महिने झाले. दर वेळी एक कागद कमी निघतो. मध्यंतरी तीन हजार रुपये द्या, म्हणजे काम होईल, असेही सुचवण्यात आले. आम्ही पैसे दिले नाहीत. गेल्या आठवड्यात वडील आणि माझा धाकटा भाऊ कार्यालयात गेले, तेव्हा तलाठी द्राक्षबागेच्या पंचनाम्याला निघाले होते. त्यांनी मोटारसायकल सुरू केली होती, पण गाडी जागेवरच होती. भावाने समोर उभे राहून हँडल धरले, किल्ली काढून घेतली आणि ‘आज नोंद केल्याशिवाय जायचे नाही’ असे म्हणत त्यांच्या शर्टाला हात घातला. त्यात खिसा फाटला. शिवीगाळ झाली हे खरे आहे. वडील बाजूला उभे राहून ओरडत होते. संध्याकाळी ‘शासकीय कामात अडथळा’ म्हणून दोघांवर गुन्हा दाखल झाला. पोलिसांनी तो शर्ट पंचनामा करून जप्त केला आहे, आणि तलाठी ग्रामीण रुग्णालयात जाऊन आले, असेही समजते. भावाला हजर राहण्याची नोटीस मिळाली आहे, वडिलांना अजून काही आलेले नाही. ठाण्यातले एक जण म्हणाले की, हा गुन्हा अजामीनपात्र आहे, कधीही उचलू. भाऊ तेवीस वर्षांचा असून दोन वर्षे पोलीस भरतीची तयारी करतो आहे. वडील चौसष्ट वर्षांचे आहेत, त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. भावाने मारलेले नाही, हात उगारलेलाही नाही, मग ‘तीनशे त्रेपन्न’ कशी लागते? लाच मागितली होती, तरी गुन्हा आमच्यावरच का? गावातले एक गृहस्थ सांगतात की, तुम्हीही उलट तक्रार ठोका, म्हणजे आपोआप मिटेल. काय करावे?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले ‘मारलेले नाही’ हे वाक्य अगदी मनापासून आलेले आहे, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत ते खरेही असेल. परंतु ज्या कलमाखाली गुन्हा नोंदला गेला आहे, त्यात मारणे ही अटच नाही. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

गावात आणि वर्तमानपत्रात आजही ‘तीनशे त्रेपन्न’ हाच शब्द चालतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि जुने कलम ३५३ तिथे कलम १३२ झाले. त्याच्या शेजारी ‘शासकीय कामात अडथळा’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की, दोन वेगळे गुन्हे त्याखाली एकत्र झाकले जातात. लोकसेवकाला त्याच्या कामात नुसता अडथळा आणणे हा कलम २२१ चा गुन्हा आहे. त्याला जास्तीत जास्त तीन महिने कारावास किंवा अडीच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, एवढीच शिक्षा आहे, आणि संबंधित लोकसेवकाने किंवा त्याच्या वरिष्ठाने न्यायालयात लेखी तक्रार केल्याशिवाय न्यायालय त्याची दखलही घेऊ शकत नाही. कलम १३२ मात्र लोकसेवकावर ‘हमला’ किंवा ‘फौजदारीपात्र बलप्रयोग’ करण्याबद्दल आहे. तिथे शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही अशी आहे, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. हे दोन्ही गुन्हे स्वतंत्र आहेत, आणि अडथळ्याच्या गुन्ह्यासाठी लेखी तक्रार नाही म्हणून बलप्रयोगाचा खटला अडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ सालीच, दुर्गाचरण नाईक विरुद्ध ओरिसा राज्य या प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे तुमच्या वकिलांनी पहिल्यांदा एफआयआरची प्रत घेऊन त्यात नेमकी कोणती कलमे आहेत हे पाहावे. लोक काय म्हणतात त्यावर जाऊ नये.

आता बलप्रयोग कशाला म्हणायचे? एखाद्याच्या शरीराची हालचाल घडवणे, बदलणे किंवा थांबवणे, किंवा एखादी वस्तू अशी हलवणे की ती त्याच्या शरीराला, त्याच्या अंगावरच्या कपड्याला अथवा त्याच्या हातातल्या वस्तूला लागेल, एवढे बल या शब्दात येते. ते संमतीशिवाय आणि गुन्हा करण्याच्या, किंवा त्या व्यक्तीला इजा, भीती वा त्रास देण्याच्या हेतूने, अथवा तसे होईल हे जाणून वापरले की ते फौजदारीपात्र होते. जुन्या संहितेत या कलमाखाली जे दाखले होते, त्यात एक पालखीचा होता: कोणी पालखीतून चालला असता त्याला लुटण्याच्या इराद्याने दुसऱ्याने पालखीचा दांडा धरून ती थांबवली, तर आत बसलेल्याच्या अंगाला बोटही न लावता त्याच्यावर बलप्रयोग झाला. एकोणिसाव्या शतकातल्या या पालखीच्या जागी तुम्ही चालती मोटारसायकल ठेवून पाहा. तुमच्या भावाच्या बाबतीत गाडी जागेवर होती असे तुम्ही लिहिता, आणि हा तपशील क्षुल्लक नाही. थांबलेल्या गाडीचे हँडल धरणे आणि किल्ली काढून घेणे हा फार तर अडथळा किंवा गैरनिरोध, म्हणजे कलम १२६, ठरेल असा युक्तिवाद करता येतो. परंतु शर्टाला घातलेला हात या युक्तिवादातून निसटतो. कपडा हा कायद्याच्या दृष्टीने अंगाचाच भाग आहे. तो फाटलेला खिसा, लाखेच्या सीलखाली कागदी पुडक्यात बांधून ठेवलेला, तुमच्या भावाविरुद्धचा सर्वांत बोलका पुरावा आहे, आणि तो पंचनाम्यात कसा वर्णन केला आहे (खिशाची शिवण उसवली की कापड फाटले, कोणत्या बाजूचे, बटण जागेवर होते की नाही) हे वकिलांनी शब्द न शब्द वाचावे. २०१९ च्या जुलै महिन्यात कणकवली येथे महामार्गाच्या उपअभियंत्याच्या अंगावर चिखल ओतला गेला, ती घटना तुम्हाला आठवत असेल. तिथे कोणी ठोसा मारलेला नव्हता, चिखलच होता, पण अंगाला लागणारा पदार्थ हेही बलच असते.

हमला म्हणजे त्याच्याही अलीकडची पायरी. आता बलप्रयोग होणार अशी धास्ती समोरच्याला वाटेल असा हावभाव किंवा तयारी करणे, इतके त्यासाठी पुरते. संहितेतले दाखले वाचण्यासारखे आहेत: मूठ आवळून दाखवणे, काठी उचलून ‘तुला आता बडवतो’ म्हणणे, आणि चावऱ्या कुत्र्याची मुसकी सोडायला घेणे. नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे, हे तिथेच लिहिलेले आहे. मात्र शब्दांमुळे हावभावाला अर्थ येऊ शकतो. ही रेघ तुमच्या कामाची आहे, कारण शिवीगाळ झाल्याचे तुम्ही प्रामाणिकपणे कबूल करता. बंगळुरूच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर एका दांपत्याने एका अधिकाऱ्याच्या वागणुकीबद्दल टीका लिहिली म्हणून नोंदवलेला ३५३ चा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माणिक तनेजा प्रकरणात रद्द केला, कारण तिथे ना बल होते ना हमला. ओरडणे आणि धमकावणे एवढ्यानेच हे कलम लागत नाही, हेही त्याच न्यायालयाने २०२५ मध्ये पुन्हा सांगितले आहे. तुमच्या वडिलांसाठी हे महत्त्वाचे आहे, भावासाठी कमी.

वडिलांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मला त्यांच्या बाजूने खरोखर बोलण्यासारखे दिसते. ते बाजूला उभे राहून ओरडत होते, एवढेच तुम्ही लिहिता. काय ओरडत होते? दोघांवर एकत्र गुन्हा नोंदताना पोलीस कलम ३(५), म्हणजे समान इराद्याचे कलम, जोडतात आणि मग एकाने केलेले कृत्य दुसऱ्याच्याही माथी येते. वडील ‘सोड त्याला’ म्हणत होते की ‘सोडू नको त्याला’, यावर सारा फरक पडतो, आणि मोटारसायकलच्या आवाजात, दहा-पंधरा माणसांच्या गलक्यात ही दोन वाक्ये ऐकणाऱ्याच्या कानावर किती सारखी पडतात हे तुम्हीच म्हणून पाहा. फिर्यादीत कोणते वाक्य लिहिले आहे, साक्षीदार कोतवाल आणि कारकून आपल्या जबाबात तेच वाक्य सांगतात की निराळे, आणि कोणाच्या मोबाइलमध्ये चित्रीकरण झाले असेल तर त्यात प्रत्यक्षात काय ऐकू येते, या तीन गोष्टी जुळवून पाहिल्याशिवाय वडिलांच्या बचावाची दिशा ठरवू नये. ते चित्रीकरण तुमच्या कोणाकडे असेल तर मूळ फोनमध्ये आहे तसे राहू द्या, कापाछाटू नका, गटागटांत पाठवू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, आणि फिरत फिरत आलेल्या चित्रफितीला ते देणारा माणूस सापडत नाही. कार्यालयात किंवा समोरच्या दुकानात कॅमेरा असेल, तर त्यातले चित्रीकरण जपून ठेवावे असा लेखी अर्ज याच आठवड्यात तहसीलदारांना, दुकानदाराला आणि तपास अधिकाऱ्याला द्या. ही यंत्रे जुने पुसून त्यावर नवे भरत राहतात, त्यामुळे उशीर केलात तर हाती काहीच राहणार नाही.

अटकेच्या भीतीकडे वळू. ‘अजामीनपात्र’ या शब्दाचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नसून, जामीन हक्काने मागता येत नाही, तो न्यायालयाच्या विवेकावर असतो, इतकाच आहे. तालुक्याच्या न्यायालयातही अशा गुन्ह्यांत जामीन मिळतो. शिवाय सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, अटक आवश्यक का आहे याची कारणे नोंदवावीत आणि ती आवश्यक नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आता ही नोटीस दिलेली आहे. भावाला मिळालेली नोटीस तीच. त्याने ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, शक्यतो वकिलांना बरोबर घेऊन ठाण्यात जावे आणि हजेरीची नोंद करून घ्यावी. तो नोटीस पाळत असेल तोपर्यंत, लेखी कारण दिल्याशिवाय, त्याला अटक करता येत नाही. नोटीस चुकवली, तर ती चूकच अटकेचे कारण होते, हे त्याच्या मनावर ठसवा. परीक्षेच्या तयारीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागणारी ही मुले ठाण्यातली तारीख मात्र विसरतात, असा माझा अनुभव आहे.

वडिलांना एक वेगळे संरक्षण आहे, जे ठाण्यात तुम्हाला कोणी आपणहून सांगणार नाही. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठ वर्षांवरील किंवा दुर्बल व्यक्तीला अटक करायची असेल, तर पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरील अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. कलम ३५ चे पोटकलम ७ हेच सांगते. अँजिओप्लास्टीचे कागद आणि वयाचा दाखला यांच्या प्रती अर्जासोबत ठाण्यात आणि उपअधीक्षकांच्या कार्यालयात देऊन, पोच घेऊन ठेवा.

पण इथेच ग्रामीण रुग्णालयाचा तो उल्लेख मला खटकतो. वैद्यकीय प्रमाणपत्रात खरचटल्याची किंवा मुका मार लागल्याची नोंद असेल, तर पोलीस न्याय संहितेचे कलम १२१(१) वाढवू शकतात. लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी इच्छापूर्वक दुखापत केल्याबद्दलचे हे कलम असून, तिथे शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. जबर दुखापत, म्हणजे हाड मोडणे वगैरे असेल, तर कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त दहा. कायद्यात दुखापत म्हणजे शारीरिक वेदना. त्यासाठी रक्त निघावे लागत नाही. पाच वर्षांचे कलम जोडले गेले की वडिलांचे साठीचे संरक्षण गळून पडते. तीच गोष्ट धमकीची: साध्या धमकीला कलम ३५१(२) खाली दोन वर्षे आहेत, पण ‘जिवे मारीन’ असे शब्द फिर्यादीत असतील तर ३५१(३) लागून मर्यादा सात वर्षांवर जाते. यामुळे वडिलांसाठी सत्र न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज आताच करून ठेवणे मला शहाणपणाचे वाटते. भावाच्या हातात नोटीस असल्याने त्याच्यासाठी अर्ज लगेच करायचा की थांबायचे, हे एफआयआर वाचून तुमच्या वकिलांनी ठरवावे.

एक खुलासा करतो, कारण कोणीतरी तुम्हाला ‘पाच वर्षे आणि सत्र न्यायालय’ असे सांगून घाबरवणारच. महाराष्ट्राने २०१८ मध्ये जुन्या कलम ३५३ ची शिक्षा राज्य दुरुस्तीने दोनवरून पाच वर्षे केली होती आणि खटला सत्र न्यायालयाकडे दिला होता. ती दुरुस्ती दंडसंहितेला होती. तुमची घटना गेल्या आठवड्यातली आहे, तिला न्याय संहिता लागू होते, आणि तिच्या कलम १३२ मध्ये मर्यादा दोन वर्षांची असून खटला दंडाधिकाऱ्यापुढे चालतो.

‘तलाठी तर कार्यालयाबाहेर, गाडीवर होते’ हा मुद्दा कोणीतरी सुचवेल. तो टिकणार नाही. पंचनाम्याला निघालेला तलाठी (आता कागदोपत्री त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) खुर्चीत बसलेला नसला तरी कर्तव्यावरच असतो, आणि कलम १३२ केवळ कर्तव्य चालू असतानाच्या कृत्यापुरते नाही. कर्तव्यापासून रोखण्याच्या हेतूने, किंवा कायदेशीर कर्तव्य बजावल्याचा राग म्हणून, सुट्टीच्या दिवशी बाजारात गाठून केलेला बलप्रयोगही त्यात बसतो. लोकसेवक या शब्दाचा परीघही लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. महावितरणचा तारतंत्री सरकारी कंपनीचा नोकर म्हणून, आणि एसटीचा वाहक १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यानुसार त्यात येतो. वीज तोडायला आलेल्या पोरसवदा माणसाची शिडी ओढणाऱ्याला हे सहसा ठाऊक नसते.

आता लाचेचा प्रश्न, ज्याबद्दल तुमच्या पत्रात सर्वांत जास्त चीड आहे, आणि ती मला समजते. लाच मागणे हा कर्तव्याचा भाग नाही, हे निर्विवाद आहे. परंतु ज्या क्षणी भावाने हँडल धरले, त्या क्षणी तलाठी लाच मागत नव्हते; ते दुसऱ्या एका शेतकऱ्याच्या बागेच्या पंचनाम्याला निघाले होते, आणि कर्तव्य कोणते चालले होते हे त्या क्षणापुरते पाहिले जाते. स्वसंरक्षणाचा हक्कही इथे उपयोगी नाही: लोकसेवक आपल्या पदाच्या अधिकारात आणि सद्भावनेने काही करत असेल, तर ते काटेकोरपणे कायद्याला धरून नसले तरी, मृत्यू किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती नसेल तोवर त्याच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही, असे न्याय संहितेचे कलम ३७ म्हणते. आणि नोंद रखडवणे हा काही अंगावर आलेला हल्ला नव्हे.

याचा अर्थ लाचेची मागणी गिळून बसा, असा नाही. मागणी खरी असेल, कधी, कुठे, कोणत्या शब्दांत झाली हे वडिलांना सांगता येत असेल, एखादे ध्वनिमुद्रण किंवा संदेश असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे (१०६४ या क्रमांकावर, किंवा सांगलीच्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन) ती तक्रार स्वतंत्रपणे द्या. पैसे दिले नाहीत हे तुम्ही उत्तम केलेत. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो आणि नाइलाजाने दिली असेल तर सात दिवसांत कळवल्यासच त्याची सुटका होते. मात्र गुन्हा दाखल झाल्यावर केलेल्या तक्रारीकडे तपास अधिकारी संशयानेच पाहणार, हे आधीच समजून घ्या आणि जे घडले तेवढेच, तारखांसह लिहा. या तक्रारीने भावावरचा गुन्हा रद्द होणार नाही. ती दुसरी फाइल आहे.

गावातल्या त्या गृहस्थांचा सल्ला मात्र मोडून काढा. न घडलेली मारहाण किंवा विनयभंग रचून दिलेली उलट तक्रार म्हणजे, आज असलेल्या एका गुन्ह्याच्या जोडीला तुमच्या घरातल्या आणखी एका व्यक्तीवर खोट्या आरोपाचा, कलम २४८ चा, गुन्हा ओढवून घेणे. अशा तक्रारी किती लवकर उघड्या पडतात हे मी अनेकदा पाहिले आहे. बहुतेक वेळा रुग्णालयाच्या नोंदवहीतली वेळच सारे सांगून टाकते. तलाठ्यांनी खरोखरच भावाला ढकलले असेल, मारले असेल, तर गोष्ट वेगळी. तुमच्या पत्रात तसे काही नाही.

‘मिटवून घेऊ’ हेही ठाण्याच्या ओट्यावर होणार नाही. कलम १३२ तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाही. दोन्ही बाजूंची संमती असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयाकडून गुन्हा रद्द करून घेता येतो, २०१२ च्या ज्ञानसिंग प्रकरणाने ती वाट दाखवली आहे, परंतु लोकसेवकाच्या कर्तव्याशी निगडित गुन्ह्यात न्यायालये हात आखडता घेतात, कारण तिथे नुकसान एका व्यक्तीपुरते मानले जात नाही. घटना किरकोळ, इजा नाही, आरोपी तरुण, पूर्वी एकही गुन्हा नाही आणि फिर्यादीने मनापासून संमती दिलेली, असे असेल तर आशा ठेवायला जागा आहे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट खंडपीठ सुरू झाल्याने सांगलीकरांना यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, ही त्यातली सोय. पण भावाने स्वतःहून, एकट्याने, पेढ्यांचा पुडा घेऊन तलाठ्यांच्या घरी माफी मागायला जाऊ नये. मनात पश्चात्ताप कितीही खरा असला तरी ती भेट उद्या साक्षीदारावर दबाव म्हणून लिहिली जाऊ शकते, आणि लिहून दिलेला माफीनामा कबुलीसारखा वाचला जातो. दिलगिरी व्यक्त करायची, तर दोन्ही बाजूंच्या वकिलांमार्फत, मजकूर तपासून.

राहिली पोलीस भरती. इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. गुन्हा प्रलंबित असताना अर्ज करण्याला अडचण नसते, पण निवडीनंतर उमेदवाराने भरून द्यायच्या साक्षांकन नमुन्यात गुन्ह्याची माहिती विचारली जाते आणि चारित्र्य पडताळणी होते. तिथे माहिती दडवणे हे मूळ गुन्ह्यापेक्षा महागात पडते. २०१६ च्या अवतारसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, खरी माहिती दिली तरी उमेदवाराची नेमणूक करायलाच हवी असे नाही, नियुक्ती अधिकारी गुन्ह्याचे स्वरूप पाहून ठरवू शकतो. क्षुल्लक स्वरूपाचा गुन्हा असेल तर तो सोडूनही देऊ शकतो. ज्या दलात शिरायचे, त्याच्याच शेजारच्या खात्यातल्या कर्मचाऱ्यावर हात टाकल्याचा गुन्हा कितपत क्षुल्लक मानला जाईल, हे मी खात्रीने सांगू शकत नाही, म्हणून भावाने दुसऱ्या परीक्षांचीही तयारी ठेवावी. शेवटी दोष सिद्ध झालाच, तर वय आणि पहिलाच गुन्हा लक्षात घेऊन १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची विनंती करता येते. त्या कायद्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीपायी येणारी अपात्रता टळते. सेवेत घ्यायचे की नाही हा खात्याचा निर्णय तरीही खात्याकडेच राहतो.

आणि ज्यासाठी हे सारे झाले, ती वारसनोंद अजून तशीच पडून आहे. गंमत अशी की, फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीतला बदल, मंजूर करण्याचा अधिकार तलाठ्यांना नाहीच. ते नोंदवहीत नोंद घेतात, हितसंबंधितांना नोटीस काढतात आणि ती प्रमाणित मंडळ अधिकारी करतात. त्या दिवशी किल्ली मिळूनही भावाच्या हाती फेरफार आला नसता. आता वडिलांनी किंवा भावाने त्या कार्यालयाची पायरी चढू नये. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आत्या असतील तर त्यांचीही नावे यांसह अर्ज महसूल विभागाच्या ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवर नव्याने भरा, त्याची एक प्रत तहसीलदारांच्या आवक विभागात द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. सात महिन्यांपूर्वीच्या अर्जाची पोच घरात असेल तर तीही शोधून ठेवा. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही.